दारव्ह्यातला जर्मन विणकर

कापसाचे वाईट दिवस होते तेव्हाची गोष्ट. दारव्ह्याला बसस्टँडच्या मागे माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. इन्स्टिट्यूट हे नाव पाटीवर शोभत होतं. आत एक लांबट खोली, सहा मशिनी आणि भिंतीवर कळफलकाचा पिवळा पडलेला तक्ता. ज्या घरांतली मुलंमुली तीस शब्दांच्या परीक्षेला बसायची, त्या घरांत कपाशीनं सगळ्यांचा हुरूपच खाल्ला होता. त्यामुळे सहापैकी चार मशिनी बहुतेक वेळ झाकलेल्याच असायच्या.

माझे बाबा कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये फिटर होते. होते म्हणजे, जिन चालू असेल तेव्हा होते. पूर्वी दिवाळीपासून होळीच्या पुढपर्यंत चालणारा हंगाम आता दीड-दोन महिन्यांत आटपायचा. उरलेलं वर्ष बाबा माझ्या खोलीत बसून चांगल्या चालणाऱ्या मशिनी उघडायचे आणि पुन्हा बसवायचे. प्रत्येक वेळी एखादा स्क्रू उरायचा. "हा कंपनीनंच जास्तीचा देल्ला होता," असं म्हणून तो डबीत टाकायचे. मशिनी तरीही चालायच्या, हे मला आजही कळलेलं नाही.

एका बाजाराच्या दिवशी एक उंच, वाळकेसे गृहस्थ दारात आले. पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी, अंगावर काळीपिवळी जीपमधून आल्याची धूळ.

"सलाम, बाई. मराठी टाइप करून देता का जी?"

"देते की."

"मधातच सुधारून तं नाही देत?"

"म्हणजे?"

"यवतमाळच्या एकानं माझ्या 'तारणा'चं 'तोरण' करून ठेवलं. साऱ्या जगाचं तोरण! मी वाचलं तं मलेच हसू आलं."

तेच पाद्री गुरुजी. लोक त्यांना असंच म्हणायचे, कारण ते अर्धं आयुष्य पाद्री आणि अर्धं आयुष्य मिशनच्या शाळेत मास्तर होते. मूळचे मध्य प्रदेशच्या बाजूचे, निवृत्त झाल्यावर बायकोच्या माहेरी, दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात येऊन राहिलेले. तिथं थोडी शेती होती आणि लिहायला भरपूर वेळ होता. आणि ते लिहीत होते एका जर्मन माणसाचं चरित्र. साडेचारशे वर्षांपूर्वीचा धर्मपंडित. लुथरन.

लुथरन हे त्याचं आडनाव असावं असं मला वाटलं. गुरुजींनी न हसता समजावून सांगितलं, की हा ख्रिस्ती लोकांतला एक पंथ. "या अख्ख्या जिल्ह्यात पक्का लुथरन मी एकटाच असंन. बायको अर्धी आहे. तिच्या माहेरचं चर्च अलग."

"मग हे पुस्तक वाचणार कोण?"

"ते मी अजून इचारच नाही केला," गुरुजी म्हणाले. "आधी लिहून तं होऊ द्या."

त्यांचं अक्षर असं होतं, की ते त्यांनाच दोनदा वाचावं लागायचं. म्हणून ठरलं, की दर बाजाराच्या दिवशी ते येतील, वाचून दाखवतील आणि मी टाइप करीन. पहिल्याच दिवशी अडचण आली. त्या पंडिताच्या नावाच्या शेवटी असं एक जोडाक्षर होतं, जे माझ्या मशीनवर नीट उमटतच नव्हतं. दर वेळी तिथं काळा डाग पडायचा. शेवटी मी नावापुरती जागा कोरी सोडायला लागले, गुरुजी नंतर शाईनं भरायचे. बोलताना तर आम्ही नाव घेणं सोडूनच दिलं. गुरुजी म्हणायचे 'डॉक्टरसाहेब'. बाबांनी मात्र पहिल्या प्रकरणापासून त्याला 'विणकरबुवा' करून टाकलं.

कारण पहिलं प्रकरण असं होतं: हा पंडित लोकरीच्या कापडाचा धंदा करणाऱ्याचा मुलगा. बाप लवकर गेला. मोठ्या भावाला या मुलाच्या शिक्षणात फारसा रस नव्हता. थोडं शिकून झाल्यावर शाळा सुटली आणि त्याला घरी बसून कापडाचं काम शिकावं लागलं. ते त्याला जमलं नाही. पुढं नातेवाइकांच्या मदतीनं तो पुन्हा शिकायला गेला. गुरुजींनी हे सगळं पाच ओळींत संपवलं होतं.

बाबांनी उघडलेल्या मशीनमधून डोकं वर काढलं.

"जमलं नाही म्हणजे काय, गुरुजी? हात नव्हते, का मन नव्हतं?"

"ते काही पुस्तकात देल्लं नाही."

"मंग काय काम करत होता तो? कातत होता, पिंजत होता, का मागावर बसत होता?"

"तेबी नाही देल्लं."

"अन् तुमी लिहून राह्यले!" बाबा म्हणाले. "माणसानं काय काम सोडलं हेच माहीत नाही, तं त्यानं पुढं काय धरलं हे कसं समजंन?"

गुरुजींना राग येईल असं मला वाटलं. पण ते चष्मा पुसत म्हणाले, "बरोबर आहे जी. कोणाले इचारावं?"

बाजारात, मशिदीच्या गल्लीत एक म्हातारे पिंजारी होते, गाद्या भरून देणारे. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. आम्ही तिघं त्यांच्या दुकानी गेलो. आजूबाजूला कापसाला कोणी विचारत नव्हतं आणि तरी कोणी नवी गादी भरत नव्हतं, त्यामुळे चाचांनाही बोलायला निवांतपणा होता. गुरुजींनी विषय सांगितला. साडेचारशे वर्षांपूर्वीचा जर्मनीचा मुलगा, कापडाचं काम, जमलं नाही. चाचांनी तो मुलगा पलीकडच्या गल्लीतला असावा तसं ऐकून घेतलं.

"लोकर होती का? लोकर बी आपल्या कापसासारखीच पिंजतात. माझे आजोबा धनगरांची लोकर पिंजत होते." मग त्यांनी भिंतीवरचं पिंजण काढलं, ते मोठं धनुष्य. त्याच्या ताणलेल्या तातीवर लाकडी मोगऱ्यानं ठोका दिला आणि 'ठंईं' असा आवाज काढला. "पहिलं साल पोरगा काही शिकत नाही. फकस्त धूळ खाते. नाकात, कानात, रोटीत. दुसऱ्या साली हात शिकते. हात शिकला की डोकं आपोआप थंडं होते. ज्याचं डोकं थंडं होत नाही ना, गुरुजी, त्याले दुसरं काम पाह्यलं पाहिजे. त्यात त्याची काही गलती नाही."

गुरुजींनी पिंजण हातात मागितलं. चार वेळा मोगरा मारला, पाचव्यांदा तो त्यांच्याच ढोपरावर बसला. भुवया, मिशा, चष्मा, सगळं पिंजलेल्या कापसानं पांढरं झालं. चाचा हसता हसता खाली बसले. बाबा म्हणाले, "गुरुजी, तुमचंबी डोकं थंडं नाही होऊन राह्यलं."

पुढच्या बाजाराला गुरुजी पाच ओळींची चार पानं करून आले. त्यात नाकात जाणारे तंतू होते, न थांबणारं डोकं होतं आणि कामातून उठून कोपऱ्यात लॅटिन पत्रं लिहिणारा मुलगा होता. टाइप करताना पहिल्यांदाच मला तो माणूस दिसला. तोपर्यंत मी नुसती अक्षरं मारत होते.

तिथून पुढं काम रंगलं. पंडित मोठा होत गेला. साथीचा रोग आला म्हणून शहर सोडून पळाला, एका सरदाराच्या दरबारी राहिला. तिथल्या ग्रंथालयाची किल्ली त्याला मिळाली आणि त्यानं दोन-तीन वर्षं नुसतं वाचलं. त्याला धर्मशास्त्र कोणी फारसं शिकवलं नव्हतं. त्यानं ते पुस्तकांकडूनच शिकून घेतलं. पुढं एका शहरात तो पाळक, म्हणजे चर्चचा पाद्री, झाला, शेवटपर्यंत तिथंच राहिला. रोमच्या पोपच्या बाजूच्या धर्मसभेनं जे जे ठरवलं, त्यातलं एकेक वाक्य घेऊन खोडत त्यानं मोठमोठे ग्रंथ लिहिले. आणि म्हातारपणी, आपल्याच पंथातली माणसं आपसांत भांडून विखुरली होती, त्यांना एका कागदावर आणायला तो गावोगाव फिरला.

मधूनमधून गुरुजींबरोबर त्यांच्या बायको यायच्या. मी त्यांना मावशी म्हणायचे. त्या बाजार करून, पिशवी मशीनशेजारी ठेवून, ऐकत बसायच्या. एकदा गुरुजींनी वाचलं, "त्यांना दहा अपत्ये झाली."

"कोणाले झाली?" मावशी म्हणाल्या.

"डॉक्टरसाहेबाले."

"त्यायले झाली? बरं झालं बाप्पा. मले वाटलं बायकोले झाली असंन."

मी रिबन बदलायचं निमित्त करून तोंड फिरवलं. गुरुजींनी वाक्य बदललं. पण मावशी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. हे एवढे ग्रंथ लिहून राहिले होते तेव्हा दहा लेकरांचं कोण पाहत होतं, हे एका ओळीत तरी आलंच पाहिजे म्हणाल्या. ती ओळ आली. नंतर त्या ओळीचा परिच्छेद झाला.

एकदा गावांची नावं तपासायला गुरुजींनी त्यांचं मूळ इंग्रजी पुस्तक माझ्याकडे ठेवलं. मी बी.ए. होते, डिक्शनरी घेऊन वाचता येत होतं. दरबारच्या प्रकरणात एका पानावर पेन्सिलीनं बारीक रेघ मारलेली दिसली. वाचलं, तर त्यात असं होतं, की हा पंडित त्या दरबारी आधी पत्रिका बघायचा. ग्रह मांडून सरदाराला भविष्य सांगायचा. त्याच कामातून सरदाराची मर्जी बसली आणि पुढं ग्रंथालय मिळालं. गुरुजींच्या मराठीत ग्रंथालय होतं, पत्रिका नव्हती.

पुढच्या बाजाराला मी सहज विचारलं, "गुरुजी, हे राहून गेलं वाटतं?"

गुरुजींचा चेहरा उतरला. "ते नाही घ्यायचं."

एवढ्यावर भागलं असतं. पण बाबांनी ऐकलं. माझ्या आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात पंचांग नावाची वस्तू आलेली नाही, आणि बाबांना त्याचा फार अभिमान. ते जोरात हसले. "म्हणजे विणकरबुवा जोतिषी निघाले! एवढे मोठे पंडित, अन् गुरू-शनी मोजत बसले!" मग गंभीर होऊन म्हणाले, "गुरुजी, खरं असंन तं लिहा. बाकी सारं लिहून राह्यले, हेच कायले लपवता?"

गुरुजींनी कागद पिशवीत भरले, इंग्रजी पुस्तकही भरलं. "सलाम," म्हणाले आणि गेले.

पुढच्या बाजाराला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाही. बाबा मशीन उघडायचे आणि दाराकडे बघायचे. "मी काही वंगाळ बोललो का?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मी "हो" म्हणाले.

तिसऱ्या बाजाराला मावशी एकट्याच आल्या. पिशवीतून चिवड्याची पुडी काढली, बाबा चहा सांगायला गेलेत हे पाहिलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"पोरी, तुले एक सांगतो. हे तुह्या बाबावर नाही रागावले. सोतावरच रागावले."

मग त्यांनी सांगितलं ते असं. लागोपाठ दोन वर्षं बोंडअळीनं त्यांची पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, खाल्ली होती. तिसऱ्या वर्षी पेरणीच्या आधी गुरुजी 'जरा काम आहे' म्हणून केळापूरकडे गेले. तिथल्या एका जोतिषाकडे. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात दर वर्षी याच गोष्टीविरुद्ध प्रवचन दिलं, तो. जोतिषानं सांगितलं, पूर्वेला तोंड करून पेरा. गुरुजींनी घरी येऊन, कारण न सांगता, मजुरांना पूर्वेकडे तोंड करून पेरायला लावलं. धुरा, म्हणजे शेताचा बांध, होता उत्तर-दक्षिण. सारं वावर आडवंतिडवं झालं.

"मग? आला कापूस?"

"आला ना. शेजाऱ्याले आला तेवढाच." मावशींनी चिवडा माझ्यापुढे सरकवला. "मले मजुराच्या बायकोनं सांगतलं काहून पेरलं तसं. यायनं अजून नाही सांगतलं. मी इचारतबी नाही. पण ते पान त्यायले वाचवत नाही."

मावशी गेल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. सांगायला नको होतं कदाचित. बाबा चहाचा ग्लास हातात धरून बसून राहिले. चहावर साय आली तरी प्याले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "चाल, गुरुजीकडं जाऊ."

काळीपिवळीत बारा माणसं आणि एक बकरी होती. गुरुजी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होते. आम्हाला बघून उठले, खाट झटकली. मावशींनी पाणी आणलं. थोडा वेळ पिकापाण्याचं बोलणं झालं. मग बाबा एकदम म्हणाले,

"गुरुजी, मीबी गेलतो."

"कुठं?"

"जिन पहिल्यांदा बंद पडलं त्या साली. यवतमाळच्या बसस्टँडवर. पोपटवाल्याकडं."

मी बाबांकडे बघतच राहिले. "बाबा? तुम्ही?"

"हो, मी. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, आपलं कोणी नाही असं पाहून बसलो. पोपटानं चिठ्ठी काढली."

"काय निघालं?" गुरुजींनी विचारलं.

"परदेशगमन."

मग मावशींना हसू फुटलं, त्यांच्यामागून मला, आणि गुरुजी तर शेंगांचं सूप पडेल इतके हसले. डोळे पुसता पुसता म्हणाले, "मंग गेले का?"

"गेलो ना. पुलगावच्या पुढं नाही गेलो अजून."

हसणं थांबल्यावर गुरुजींनी आपली केळापूरची गोष्ट सांगितली. बायकोसमोर, पहिल्यांदाच. मावशींनी सगळं नव्यानं ऐकल्यासारखं ऐकलं, मध्ये एकदा "अगं माय" सुद्धा म्हणाल्या. त्या अभिनयाबद्दल मी त्यांना मनातल्या मनात दंडवत घातला.

"भेव वाटते म्हणून माणूस जाते जी," गुरुजी म्हणाले. "इस्वास नाही म्हणून नाही जात. इस्वास असूनबी भेव वाटते. हे मले प्रवचनात कधी सांगता नाही आलं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कागद आहे का पोरी?"

मशीन दारव्ह्याला होती. मावशींनी नातवाची जुनी वही आणून दिली आणि मी खाटेच्या कडेला बसून हातानं लिहून घेतलं. पोट भरण्यासाठी त्या तरुणानं ग्रह मांडले. सरदार खूश झाला. पण आपण जे सांगतो त्याचा पाया पोकळ आहे, हे त्याला आतून कळत गेलं, आणि मग त्यानं भविष्य सांगण्याऐवजी पुस्तकांजवळचं काम मागून घेतलं. गुरुजी सावकाश सांगत होते. एकदाही खोडायला लावलं नाही. सगळ्या पुस्तकातलं ते सगळ्यात चांगलं प्रकरण झालं, हे मी आज बरीच पुस्तकं टाइप करून झाल्यावर सांगते आहे.

पावसाळ्याच्या तोंडाशी पुस्तक छापून आलं. पातळ, निळ्या कव्हराचं. मावशींच्या माहेरच्या चर्चमध्ये एका रविवारी उपासनेनंतर प्रकाशन ठेवलं. तीसेक माणसं असतील. चाचा स्वच्छ कुर्ता घालून आले होते आणि मागच्या बाकावर बसून आपल्या उल्लेखाचं पान शोधत होते. बाबांना चार शब्द बोलायला सांगितलं, तर त्यांनी सतराव्या मिनिटापर्यंत लोकर आणि कापूस यांतला फरकच सांगितला. मग चर्चचे एक वडील, म्हणजे तिथले ज्येष्ठ कारभारी, उठले. पुस्तक चांगलं आहे, म्हणाले, पण देवाच्या एवढ्या मोठ्या माणसाचं पत्रिकेचं प्रकरण कशाला घातलं? पोरंसोरं वाचतील.

गुरुजी उभे राहिले. "कारण मीबी गेलतो," म्हणाले. आणि केळापूर, पूर्वेकडे तोंड, आडवंतिडवं वावर, सगळं सांगितलं. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक म्हातारी, जिला कमी ऐकू यायचं, मोठ्यानं शेजारणीला म्हणाली, "कोणता जोतिषी म्हणे? आमचेबी त्याच्याकडंच गेलते."

त्या रविवारी सगळ्यात जास्त हसलेले ते वडीलच होते.

पुस्तक कोणी वाचलं? थोडं वाचलं लोकांनी. मध्य प्रदेशातल्या गुरुजींच्या जुन्या मंडळींनी गठ्ठा मागवून घेतला. चाचांनी एक प्रत दुकानात ठेवली होती आणि गिऱ्हाइकाला ते पान उघडून दाखवायचे. बाबांना पुढच्या हंगामात मुकुटबनकडच्या एका जिनात काम मिळालं, तिथं त्यांनी जेवणाच्या सुट्टीत फिटर लोकांना पुस्तक वाचून दाखवलं. जिथं धर्मशास्त्र फार दाट व्हायचं तिथं ते पानं गाळायचे, असं त्यांनी मला नंतर कबूल केलं.

गुरुजींचं काम संपलं तरी बाजाराच्या दिवशी ते येतच राहिले. टाइप करायला काही नसायचं. बाबा हंगामाबाहेर असले की दोघं खिडकीजवळ बसून वाद घालायचे. बाबांचं म्हणणं, विणकरबुवानं ग्रंथालयात दोन-तीन वर्षं नुसती बसून काढली. गुरुजींचं म्हणणं, तेच खरं काम होतं, बाकीचं आयुष्य त्याची मजुरी. मी परीक्षेला बसलेल्या एक-दोन मुलींना घड्याळ लावून उतारा द्यायचे आणि त्या दोघांना जरा हळू बोला म्हणायचे.